पोपचे मौन आणि इतिहासाचा न्याय

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून पितामह भीष्मांनी निर्णय टाळला. त्या मौनाचा हिशेब आपण आजही मांडत असतो. विसाव्या शतकातील युरोपला असाच एक हिशेब अद्याप चुकता करता आलेला नाही. तो आहे पोप पायस बारावे यांच्या मौनाचा.

त्यांचे मूळ नाव युजेनियो पाचेल्ली. घराणे कायदेपंडितांचे, पिंड मुत्सद्द्याचा. १९१७ ते १९२९ ते जर्मनीत पोपचे राजदूत होते. १९३३ साली हिटलरच्या राजवटीशी व्हॅटिकनने जो करार केला, त्यावर स्वाक्षरी त्यांचीच. २ मार्च १९३९ रोजी ते पोपपदी निवडले गेले आणि सहाच महिन्यांत महायुद्ध पेटले.

१९४२ च्या नाताळ संदेशात त्यांनी, कोणताही अपराध नसताना केवळ राष्ट्रीयत्व वा वंश यांपायी मृत्यूच्या दारात लोटल्या गेलेल्या लक्षावधींचा उल्लेख केला. परंतु 'ज्यू' आणि 'नाझी' हे दोन शब्द उच्चारले नाहीत. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी खुद्द रोममध्ये ज्यूंची धरपकड झाली. हजारांहून अधिक जणांची रवानगी ऑशविट्झच्या छळछावणीत झाली. त्यांतले अवघे १६ परतले. पोपने जाहीर निषेध केला नाही. मात्र त्याच रोममधील ख्रिस्ती मठांनी हजारो ज्यूंना लपवून वाचवले, हेही तितकेच खरे.

१९५८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा इस्रायलच्या परराष्ट्रमंत्री गोल्डा मेयर यांनी त्यांचा गौरव केला. पण १९६३ साली रॉल्फ होखहूथ या जर्मन नाटककाराचे नाटक बर्लिनच्या रंगभूमीवर आले आणि पारडे फिरले. उत्तरादाखल व्हॅटिकनने १९६५ ते १९८१ या काळात युद्धकालीन कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले. तरी वाद शमला नाही. १९९९ मध्ये जॉन कॉर्नवेल यांनी 'हिटलर्स पोप' लिहून घणाघात केला. २००५ मध्ये डेव्हिड डॅलिन यांनी त्याचे खंडन केले. योगायोग पाहा, आरोप करणारा कॅथॉलिक आणि बचाव करणारा ज्यू धर्मगुरू!

बचावपक्षाचा युक्तिवाद दुबळा नाही. जुलै १९४२ मध्ये हॉलंडच्या बिशपांनी जाहीर निषेध केला, तेव्हा नाझींनी कॅथॉलिक झालेल्या ज्यूंनाही उचलले. एडिथ स्टाइन ही विदुषी जोगीण त्यांतच बळी पडली. बोलण्याने अनर्थ वाढतो, असे पोपना वाटले असेल, तर ते निराधार म्हणता येत नाही. उलट, मठांतील आश्रयासाठी पोपचा लेखी आदेश सापडत नाही, याकडे सुझन झुकोटी लक्ष वेधतात.

२ मार्च २०२० रोजी दप्तरखाना संशोधकांना खुला झाला. त्याआधारे २०२२ मध्ये डेव्हिड कर्टझर यांनी, पोपने हिटलरशी दूतामार्फत गुप्त बोलणी केल्याचे दाखवून दिले. २०२३ मध्ये डिसेंबर १९४२ चे एक पत्र प्रकाशात आले. बेल्झेक येथे रोज सुमारे ६,००० माणसे मारली जात असल्याची वार्ता एका जर्मन जेझुइटाने पोपच्या सचिवाला कळवली होती. 'खात्रीलायक माहिती नव्हती' ही ढाल त्यामुळे फारशी टिकत नाही.

माझे मत विचाराल, तर पायस 'हिटलरचे पोप' नव्हते. तो शब्द अन्यायकारक आहे. पण ते आधी संस्थेचे रक्षक राहिले, मग मानवतेचे. एखाद्या राजाला हे क्षम्य असेल. जगाला नीती सांगण्याचा अधिकार मिरवणाऱ्या पीठाला नाही.

मात्र, मित्रहो, हा निकष केवळ परक्यांसाठी राखून ठेवू नका. संस्था मोठी झाली की तिला जपण्याच्या नादात सत्य सांगणे उद्यावर टाकले जाते. आपल्या संस्था, आपली मौने आणि आपली दप्तरेही याच तराजूत तोलण्याची तयारी हवी. तेवढी असेल, तरच भीष्मांना आणि पोपना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.