एक बाई, चार भेटी आणि नोशन



मला नोशनवर बोलायला सांगितलंय. मी रिलेशन आणि रोलअप, एवढ्याच दोन गोष्टींवर बोलेन. रंगीत आयकॉन, कव्हर वगैरे तुम्ही माझ्याआधी शिकाल.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तेव्हा सोबत सात मुस्लिम महिला होत्या. सात जणींची मोजदाद करायला वही लागत नाही. आज मदत केंद्रात तलाक, पोटगी, शिष्यवृत्ती, दाखले, सगळंच येतं. आणि कुठल्याही कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: अशी प्रकरणं किती?

बहुतेक ठिकाणी एकच एक्सेल असतं. बाई आली की एक ओळ. तीच बाई चारदा आली की चार ओळी. त्यात आधारवर नावाचं एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. हे तुम्हाला मी सांगायला नको. मग एका बाईची चार प्रकरणं होतात. समोरच्याने यादी तपासली की आपलं खरं म्हणणंही खोटं ठरतं.

नोशनमध्ये 'व्यक्ती' आणि 'भेटी' असे दोन डेटाबेस करा. भेटींत नाव टाइप करायचं नाही. तिथे रिलेशन लावायचं आणि 'व्यक्ती'मधली नोंद निवडायची. रिलेशन दोन्ही बाजूंनी दिसेल असं ठेवा, म्हणजे बाईच्या पानावर तिच्या सगळ्या भेटी येतात. नाव एका जागी दुरुस्त केलं की सगळीकडे बदलतं.

या जोडणीवरून रोलअप पलीकडची माहिती इकडे आणतो. त्याला विचारायचं: कोणतं रिलेशन, त्यातली कोणती प्रॉपर्टी, आणि तिचं काय करायचं. मोजायचं, बेरीज करायची, की सर्वांत अलीकडची तारीख दाखवायची. लोक मोजण्यावरच थांबतात. मला सर्वांत कामाचा वाटतो तो 'शेवटची भेट' हा रोलअप. त्यावर क्रम लावा, जुनी तारीख वर. पोटगीसाठी एकदाच येऊन गेलेली, नंतर फिरकलेलीच नाही अशी बाई यादीत वर येते. ती आली नाही म्हणजे तिचा प्रश्न मिटला, असं धरू नका. फोन करा.

टक्केवारीपासून मात्र जपा. शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांचा तिसरा डेटाबेस केलात आणि 'मिळालं' या चौकटीवर रोलअप लावलात, तर एकच कागद नोंदवून त्यावर टिक केली तरी शंभर टक्के दिसेल. उरलेले कागद नोंदवलेलेच नाहीत, हे नोशनला कसं कळणार? म्हणून लागणारे सगळे कागद आधी नोंदवायचे, टिक नंतर.

आता सर्वांत नाजूक भाग. नोशनचं पान सार्वजनिक केलं की त्याच्या आतली पानंही सोबत उघडी होतात. म्हणून अहवालाचं पान वेगळं करा आणि आकडे त्यात हाताने लिहा. मोहल्लावार आकडा तर देऊच नका. एखाद्या मोहल्ल्यापुढे 'तलाक: 1' असं छापलंत, तर नाव लिहायची गरजच उरत नाही. संध्याकाळपर्यंत ती कोण हे सगळ्या गल्लीला कळलेलं असतं, आणि ती बाई पुन्हा आपल्या केंद्राची पायरी चढत नाही.

चला, लॅपटॉप उघडा. 'व्यक्ती'पासून सुरुवात करू. नोंदी आज काल्पनिकच भरायच्या. खऱ्या बाईचं नाव इथे कुणी टाकू नका.