चित्रकथाकार आणि त्याचें दुकान

उस्मानपुऱ्यांतील नाट्यगृहास संत एकनाथांचें नांव दिलेलें आहे. एकनाथ पैठणचे; आणि त्याच पैठणचें नांव महाराष्ट्रांतील एका चित्रप्रकारासही चिकटलेलें आहे. ‘पैठणचीं चित्रें’ म्हणून ओळखले जाणारे ते कागद पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. भिंतीवर टांगण्यासाठीं तीं चित्रें काढलेलीं नव्हतीं. चित्रकथी तीं एकामागून एक श्रोत्यांपुढें धरीत आणि रामायण-महाभारतांतील कथा गाऊन सांगत. दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवावयाचीं, अशा चित्रांचा गठ्ठा बांधावयाचा आणि त्यास ‘पोथी’ म्हणावयाचें, अशी त्यांची रीत होती. बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’तही चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. तेव्हां चित्रांच्या मालिकेनें गोष्ट सांगण्याची कला ‘कॉमिक्स’ या शब्दाबरोबर बोटींतून उतरली, असें समजण्याचें कारण नाहीं.

या परंपरेंतील व्यवहार मात्र ध्यानांत घेण्याजोगा होता. चित्रकथी चित्र विकीत नसे. त्याला मोबदला मिळे तो सांगण्याचा. पोथी घरांतच राही आणि बापाकडून मुलाकडे जाई. छापखान्यानें हा व्यवहार उलटा केला. कागद विकाऊ झाला आणि सांगणारा दिसेनासा झाला. टाइम्स ऑफ इंडियानें १९६४ सालीं सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नें वेताळास मराठी घरांत आणून बसविलें. १९९० सालीं ती मालिका बंद पडली; पण तोंवर किती वाचकांस चित्रकाराचें नांव सांगतां आलें असतें? चित्रकार आणि वाचक यांच्यामध्यें कंपनी, वितरक आणि पुस्तकविक्रेता असे तिघे उभे होते.

या तिघांना बाजूस सारण्याची सोय मेळाव्यानें करून दिली. जपानांत १९७५ च्या डिसेंबरांत हौशी चित्रकथाकारांच्या ३२ मंडळांनीं टोकियोंत एकत्र येऊन आपलीं पुस्तकें आपणच विकावयास मांडलीं, तेव्हां सुमारें ७०० माणसें आलीं होतीं. आज तोच ‘कॉमिकेट’ बाजार लाखों लोकांचा झाला आहे. भारतांत ‘कॉमिक कॉन’ प्रथम भरला तो २०११ च्या फेब्रुवारींत, दिल्ली हाट येथें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईस कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्यें. तेथें मोठ्या कंपन्यांच्या दिव्यांच्या झगमगाटाशेजारीं लहान लहान टेबलें असतात. त्या टेबलामागें बसलेला माणूसच बहुधा लेखक, चित्रकार, प्रकाशक, हमाल आणि कारकून असतो.

मुंबईचे अभिजीत किणी हें यांतलें ठळक उदाहरण. ‘टिंकल’ मासिकांतील ‘बटरफिंगर्स’चीं चित्रें त्यांचीं, पण तें काम दुसऱ्याच्या मासिकाचें. स्वतःच्या हिमतीवर त्यांनीं २०१२ सालीं ‘अँग्री मावशी’ काढली. भ्रष्ट पुढाऱ्यांची आणि गुंडांची खोड मोडणारी नऊवारी लुगड्यांतील ही मावशी कोणा प्रकाशकाच्या बैठकींत संमत झाली असती कीं नाहीं, हा प्रश्नच आहे. टेबलावर तिला कोणाची संमति घ्यावी लागली नाहीं.

मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें पुस्तक-प्रकाशन म्हटलें कीं शाल, श्रीफळ, अध्यक्ष आणि रंगीत वेष्टन सोडण्याचा समारंभ उभा राहतो. येथें सकाळीं खोकें फोडलें, वरची प्रत काढली, ती कोणीं विकत घेतली, कीं झालें प्रकाशन. मेळाव्याचा खरा उपयोग आणखी एक आहे. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून दिवाळीची तारीख मराठी लेखकाच्या मानगुटीवर बसलेली आहे, आणि त्या धाकानें पुष्कळ चांगलें लेखन पुरें झालें आहे. एकट्यानें काम करणाऱ्या चित्रकथाकारास असा धाक कोण घालणार? वर्षानुवर्षें अर्धवट राहिलेलीं पानें मेळाव्याच्या तारखेमुळें शाई पितात.

यांत सगळेंच गोड आहे असें नव्हे. छपाईचा खर्च आधीं करावयाचा, टेबलाचें भाडें आधीं भरावयाचें, प्रवास वेगळा. आणि गर्दी लोटते ती पुष्कळशी सिनेमाचीं सोंगें पाहावयास. चाळीस पानांच्या पुस्तकापेक्षां एक चकती, एक चित्रपत्र लौकर खपतें. कित्येक चित्रकथाकार चकत्यांच्या पैशांवर पुस्तक तगवितात. गिऱ्हाईक टेबलापाशीं थांबतें तें फार तर अर्धा मिनिट, आणि तेवढ्यांत गोष्ट काय आहे तें तोंडानें सांगावें लागतें. जो नीट सांगतो त्याचें पुस्तक जातें. छापखान्यानें पुसून टाकलेला सांगणारा येथें पुन्हां उभा राहिला आहे. फरक इतकाच, कीं आतां सांगणें फुकट आणि कागद विकत.

खटकते ती भाषेची गोष्ट. या टेबलांवरील पुस्तकें बहुतेक इंग्रजींत असतात. नऊवारींतली मावशीसुद्धां प्रामुख्यानें इंग्रजीच बोलते. त्यांत किणींचा दोष नाहीं. जेथें गिऱ्हाईक इंग्रजी वाचणारें, तेथें दुकान त्याच भाषेचें. पण छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेंत, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या उस्मानपुऱ्याच्या मुलानें मराठींत चित्रकथा काढली, तर ती घेऊन त्यानें तपोवन एक्सप्रेसनें मुंबई गांठावयाची आणि इंग्रजी गर्दींत मांडावयाची काय?

पैठणच्या वाटेवर आज चित्रकथी भेटत नाहीं. ती कला उरली ती सिंधुदुर्गांत, कुडाळजवळच्या पिंगुळीस, ठाकर समाजांत. आणि तेथेंही ती उरली याचें श्रेय परशुराम गंगावणे यांच्यासारख्या हट्टी माणसांचें आहे. त्यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. पैठणच्या चित्रांना संग्रहालय मिळालें. सांगणारे मिळाले नाहींत.

मोठा मेळावा उस्मानपुऱ्यास येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. याच शहरांत १९५७ सालीं अनंत काणेकर यांच्या आणि २००४ सालीं रा. ग. जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं साहित्य संमेलनें भरलीं. ग्रंथप्रदर्शन म्हणजे काय हें येथें कोणास शिकवावें लागत नाहीं. त्या प्रदर्शनांत दोन दिवसांसाठीं चित्रकथाकारांचें एक टेबल, तेंही बिनभाड्याचें, सहज मावेल. कागदाचा एक ताव तीन वेळां दुमडून मध्यें एक काप दिला, कीं आठ पानांची पुस्तिका होते. झेरॉक्सच्या दुकानांत तिच्या पन्नास प्रती एका दुपारींत निघतात.