पंखा सारखा का पळतो?

लॅपटॉपचा पंखा दिवसभर घोंघावू लागला की आपण पंख्यालाच नावं ठेवतो. कुणी तो बदलायला निघतो, कुणी त्याचा वेग जबरदस्तीनं कमी करणारं सॉफ्टवेअर शोधतो. या दुसऱ्या उपायाला माझा ठाम विरोध आहे. पंखा स्वतःच्या मनानं पळत नाही. मदरबोर्डवरचा एक छोटा कंट्रोलर सेन्सरकडून तापमान घेतो आणि त्याप्रमाणे पंख्याचा वेग ठरवतो. तेव्हा आधी बघायचं ते हे, की यंत्र खरंच तापलंय का?

तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. काही काम चालू नसताना प्रोसेसर ४०-५० अंशांवर आहे आणि तरीही पंखा पूर्ण वेगात, असं असेल तर आधी पॉवर मोड बघा, मग बायॉस अपडेट करा. तरीही फरक पडला नाही तर सेन्सरवर संशय घ्या. इंटेलच्या जुन्या मॅकबुकमध्ये एखादा सेन्सर निकामी झाला की पंखे सुरक्षेसाठी पूर्ण वेगानं फिरत राहतात.

यंत्र खरंच गरम असेल तर टास्क मॅनेजर उघडा. ब्राउझरचा एखादा टॅब, अँटिव्हायरसची तपासणी किंवा अर्धवट राहिलेलं अपडेट प्रोसेसरला राबवत असेल, तर तिथंच उत्तर मिळतं. पण सगळं शांत आहे, तरी आकडा ९० च्या वर? मग जिथून हवा बाहेर पडते तिथं तळहात धरा.

ही साधी चाचणी मला फार मोलाची वाटते. ती का, हे उष्णतेची वाट बघितली की कळतं. प्रोसेसरची उष्णता थर्मल पेस्टमधून तांब्याच्या हीट पाइपमध्ये जाते. त्या नळीत कमी दाबाखाली बहुधा थोडं पाणी असतं. ते गरम टोकाला उकळतं, वाफ थंड टोकाकडे जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत येते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली. थंड टोकाला पातळ पट्ट्या दाटीनं बसवलेल्या असतात आणि पंखा त्यांच्यावर वारा सोडतो.

आवाज मोठा, पण हाताला लागणारा वारा मंद असेल तर वाट बुजली आहे. बाहेरून टॉर्च मारलात तरी जाळी स्वच्छ दिसेल, कारण धूळ बसते आतल्या बाजूला, पंखा आणि पट्ट्या यांच्या मधोमध. पंखा सुटा केला की तिथं केस, तंतू आणि धुळीचा करडा पट्टा नमद्यासारखा घट्ट बसलेला दिसतो. चिमट्यानं उचलला की अखंड निघतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो नुसता आत ढकलला जातो. म्हणून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवा आणि मगच साफ करा. ब्लोअर वापरलात तर पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग बिघडतं.

वारा जोरात, पण जेमतेम कोमट, आणि आत ९५ अंश? मग उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. बहुतेक वेळा पेस्ट सुकलेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची.

पंखा खरोखर बदलायचा तो खरखर ऐकू आली किंवा पातं डगमगलं तर. तेव्हा जुन्या पंख्यावरचा पार्ट नंबर आणि कनेक्टर जुळवूनच नवा मागवा.