मनातलं चित्र बदलून बघा
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘आनंदी कसं राहावं’ यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. व्याजाचा दर विचारला असतात तर चटकन सांगितला असता! पण सेक्रेटरीसाहेबांनी गळच घातली, म्हणून उभा आहे. उपदेश करणार नाही. एकच अनुभव सांगतो.

उपदेश कानावरून जातो, चित्र मात्र मनात राहतं. आपल्या संतांना हे पक्कं ठाऊक होतं. गीतेचे श्लोक ७००, आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. माउलींनी जागोजागी दृष्टांत दिले, दिवा, चंद्र, गाय-वासरू डोळ्यांपुढे उभे केले, म्हणून अवघड गोष्ट साध्या माणसालाही कळली. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मन कसं असतं हे सांगताना त्यांनी हाकलली तरी पुन्हा पिकात शिरणारी गुरं दाखवली. शेतात राबणाऱ्या बाईला आणखी काय समजवायचं?

आता गंमत अशी, की आपल्या प्रत्येकाच्या मनात असं एक चित्र आधीच असतं. आपल्या बोलण्यातून ते बाहेर पडतं. कोणी म्हणतं, “घाण्याला जुंपलोय.” कोणी म्हणतं, “गाडं रुतलंय.” रोज तेच म्हटलं की पायही तसेच पडतात.

माझ्या मनातलं चित्र पासबुकाचं होतं. रिटायर झालो आणि वाटायला लागलं, आता जमा काही नाही, सगळ्या नोंदी नावेच. शिल्लक रोज कमी होतेय. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझी पत्नी गेली, तेव्हा तर मी मनातल्या मनात खातं बंदच करून टाकलं. खाली कट्ट्यावर यायचं बंद केलं. मुलाचा फोन वाजायचा, मी वाजू द्यायचो. तुमच्यातल्या कित्येकांनी दार वाजवलं, मी उघडलं नाही. त्याबद्दल आज सर्वांसमोर माफी मागतो.

गॅलरीत तिच्या मोगऱ्याची कुंडी होती. तिच्याकडेही माझं लक्ष नव्हतं. जानेवारीत आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई डबा द्यायला आल्या, तेव्हा मी ती कुंडी कचऱ्यात द्यायला काढून ठेवली होती. त्यांनी नखाने एक काडी खरवडून बघितली आणि म्हणाल्या, “काका, आत हिरवी आहे. टाकू नका. छाटा, खत घाला आणि थोडं थोडं पाणी सुरू करा.”

ते ऐकलं आणि मला एकदम सांगोल्याकडची डाळिंबं आठवली.

त्या भागात मी शेतीकर्ज बघत होतो. पहिल्याच वर्षी एका बागेच्या पाहणीला गेलो तर पानं पिवळी पडून गळत होती. मला घाम फुटला. वाटलं, कर्ज बुडालं! शेतकरी हसून म्हणाला, “साहेब, बाग मेली न्हाई. ताण दिलाय.” बहार धरायचा असेल तर आधी काही आठवडे पाणी तोडतात. झाड विश्रांती घेतं, पानं गाळतं. मग हलकी छाटणी करून, खत घालून पाणी देतात. त्याला ‘ताण तोडणं’ म्हणतात. आणि मग फुलं लागतात. पण त्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. ताण मोजून द्यायचा. हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त. आणि वेळेवर तोडला नाही, तर झाड हातचं जातं.

मंडळी, माझी पत्नी गेली ती मला काही शिकवायला गेली नाही. दुःखाला असलं गोड लेबल मी लावणार नाही. ती हवीच होती. चित्र बदलल्यामुळे घडलेलं बदलत नाही. पण पुढचं काम कोणतं, ते कळतं. पासबुकाने मला फक्त शिल्लक मोजायला लावलं होतं. बागेने सांगितलं, ताण पुष्कळ झाला, आता पाणी दे. त्या रात्री मी मुलाला फोन केला. दोन मिनिटंच बोललो. पहिलं पाणी हलकंच द्यायचं असतं.

तेव्हा चित्र निवडताना दोन गोष्टी बघा. ते तुमच्या रोजच्या बघण्यातलं असावं, आणि त्यातून उद्या सकाळचं काम सापडावं.

घर सांभाळून नोकरी करणाऱ्या लेकी-सुनांनी आपल्या गच्चीवरची टाकी बघावी. ती दिवसभर सगळ्यांना पाणी देते, पण रोज पंप लावून तिला भरावं लागतं. तुमची टाकी भरायची वेळ कोणती? ती घरच्यांना सांगून ठेवा.

मुलांनो, तुमच्यासाठी बँकेतलं चित्र. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर आम्ही खातेवही फाडत नसू, चुकीची नोंद शोधत असू. फरकाला ९ ने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल बघायची. ५४ च्या जागी ४५ लिहिलं तर फरक ९ चा येतो. परीक्षेत मार्क कमी पडले तर असंच बघा. चूक एका नोंदीत असते, सगळी वही खराब नसते.

आणि ज्यांना कितीही केलं तरी अंधारच दिसतो, त्यांनी डॉक्टरांकडे जायला लाजू नये. बाग वाचवायला जाणकाराला बोलवावंच लागतं.

आपल्या संस्थेला २५ वर्षं झाली. इथे प्रत्येक मजल्यावर कोणा ना कोणावर ताण आला असेल. बंद दार दिसलं तर एकदा वाजवा. उघडलं नाही तर आठवड्याने पुन्हा वाजवा, डबा घेऊन.

मोगऱ्याला त्या एप्रिलमध्ये कळ्या आल्या. पहिली ओंजळ तिच्या फोटोपुढे ठेवली, दुसरी तिसऱ्या मजल्यावर देऊन आलो. कुंडी आता गेटजवळ ठेवली आहे. जाता-येता पाणी घालत चला.