कराटेच्या सरांना सांगायची राहिलेली गोष्ट
(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इतकी वर्षं जपानमध्ये काढलीस, तर जपानवर दहा मिनिटं बोल. शिस्त, स्वच्छता, बुलेट ट्रेन, असं काहीतरी." मी हो म्हटलं खरं. पण बुलेट ट्रेन तुम्ही सगळ्यांनी यूट्यूबवर पाहिलेली आहे, आणि स्वच्छतेवर आपल्या बाईंनी आपल्याला पुरेसं ऐकवलेलं आहे. म्हणून मी आज एका मारामारी करणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. आपले कराटेचे सर समोर पहिल्या रांगेत बसलेत, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण पुढे येईल.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मैदानावर कराटेचा क्लास भरायचा, आठवतंय? नीळ जास्त झालेले पांढरे ड्रेस, तापलेली माती आणि अनवाणी पाय. तीसेक मुलगे आणि आम्ही चार मुली. काता करताना सगळे एका सुरात ओरडायचो आणि शेजारच्या चाळीतल्या आजी खिडकी लावून घ्यायच्या. कुमितेच्या वेळी सर एकच गोष्ट बजावायचे: "लागता कामा नये, पण लागलं असतं असं दिसलं पाहिजे." म्हणजे मूठ नाकापासून दोन बोटांवर थांबली पाहिजे. मी हिरव्या पट्ट्यापर्यंत गेले. मग दहावी आली आणि बहुतेक घरांत होतं तसं कराटे बंद झालं.

जपानमध्ये गेल्यावर कळलं, की तिथे कराटेचा दुसराही एक प्रकार जोरात चालतो. त्यात मूठ थांबवत नाहीत. क्योकुशिन आणि त्यातून फुटलेल्या शाखा. हातात ग्लोव्ह नाहीत, छातीवर, पोटावर, मांडीवर पूर्ण ताकदीनं मारायचं, डोक्यावर लाथही चालते. फक्त चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही. असाच एक संप्रदाय, सेइदोकाईकान. त्याचे प्रमुख काझुयोशी इशी यांनी 1993 साली 'के-वन' नावाची स्पर्धा काढली आणि ग्लोव्ह घालून, चेहऱ्यावरच्या ठोशांसकट, कराटेवाले, किकबॉक्सर, सगळ्यांना एका रिंगमध्ये आणलं. नव्वदच्या दशकात ही जपानी टीव्हीवरची मोठी गोष्ट होती. त्यातला सगळ्यांचा लाडका होता अँडी हूग, स्वित्झर्लंडचा कराटेवाला. लाथ थेट वरून कुऱ्हाडीसारखी खाली आणायचा. 1996 साली तो के-वनचा विजेता झाला आणि 2000 साली ल्युकेमियानं टोकियोत गेला, पस्तिसाव्या वर्षी.

पश्चिम जपानात तोत्तोरी प्रांतात योनागो नावाचं गाव आहे. तिथला एक लहान मुलगा टीव्हीवर हा अँडी हूग पाहून कराटे शिकायला गेला. ताकेरू सेगावा त्याचं नाव, जन्म 1991 चा. रिंगमध्ये तो नुसता 'ताकेरू'. शाळेशी त्याचं फारसं जमलं नाही, हायस्कूल अर्ध्यातच सुटलं. (इथे बसलेल्या दोघातिघांनी एकमेकांकडे बघायचं कारण नाही.) पुढे तो टोकियोला आला आणि 2011 साली व्यावसायिक किकबॉक्सर झाला.

आता कराटेतून किकबॉक्सिंगमध्ये जाणं म्हणजे नेमकं काय, ते सरांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. चेहऱ्यावर ठोसा नसलेल्या कराटेत वाढलेल्या पोराचे हात खाली असतात, तो समोरच्याच्या छातीला छाती लावून उभा राहतो. किकबॉक्सिंगमध्ये तेवढ्या जवळ हात खाली ठेवून उभं राहिलात, की संपलात. अंतर नव्यानं शिकावं लागतं, मान, हनुवटी, डोळे नव्यानं शिकावे लागतात. लाथा आणि मार खायची सवय तेवढी जुनी चालते. ताकेरूकडे ही दुसरी गोष्ट भरपूर होती. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि हा पहिल्या मिनिटापासून पुढे पुढे. आणि मार बसला की हसायचा. खरंच हसायचा. समोरचा जोरात मारतोय, दोघं जागेवर उभं राहून एकमेकांना हाणताहेत, आणि ह्याच्या चेहऱ्यावर पोराला पतंग सापडल्यासारखं हसू. लोक त्या हसण्यासाठी तिकिटं काढायचे.

2012 साली तो एकदा हरला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हरलाच नाही. नव्यानं सुरू झालेल्या के-वनमध्ये 55 किलो, मग 57.5, मग 60 किलो, अशा तीन वजनगटांत विजेता झाला. तीन गटांत विजेतेपद मिळवणारा तो पहिलाच. के-वन म्हणजे ताकेरू असं समीकरण झालं. पोस्टरवर तो, पत्रकार परिषदेत तो. पूर्वीचं के-वन आर्थिक अडचणीत बुडालेलं होतं, आणि नव्याचं ओझं मोठ्या प्रमाणात ह्याच्या खांद्यावर होतं.

त्याच काळात दुसरीकडे आणखी एक मुलगा वर येत होता. तेनशिन नासुकावा, 1998 चा जन्म, म्हणजे सात वर्षांनी लहान. तोही पाचव्या वर्षापासून क्योकुशिन कराटेवाला. पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाला आणि एकही लढत हरला नाही. 2018 च्या शेवटच्या दिवशी त्याला मेवेदरसमोर बॉक्सिंगच्या प्रदर्शनी सामन्यात उभं केलं होतं. वजनानं, वयानं, अनुभवानं काहीच जुळत नव्हतं. पहिल्याच फेरीत तीनदा पडला, वडिलांनी टॉवेल टाकला, आणि पोरगं रिंगमध्ये रडलं. मला तो प्रकार अजिबात आवडला नव्हता. पण ती त्याच्या अधिकृत रेकॉर्डमधली लढत नव्हती.

तेनशिननं 2015 सालीच ताकेरूला आव्हान दिलं. लढत झाली 2022 ला! सात वर्षं. कारण तुमच्या-माझ्या ऑफिसमध्ये चालतं तेच: दोघं वेगवेगळ्या संस्थांचे, करार वेगळे, टीव्ही वेगळा, कुणाच्या मांडवात लढायचं यावर घोडं अडलेलं. पण लोकांना करार दिसत नाहीत. ताकेरू पळतोय, घाबरतोय, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. तो उत्तर देऊ शकत नव्हता, कारण सही त्याच्या एकट्याच्या हातात नव्हती.

आता माझं दुसरं कारण.

त्या वर्षी आम्ही टोकियोत निशिकासाईला राहत होतो. तिथे आपली भारतीय मंडळी खूप, भेंडीपासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. तिथून ऑफिसला जायला तोझाई लाईन, टोकियोतल्या सगळ्यांत गर्दीच्या गाड्यांपैकी एक. निशिकासाई सुटलं की गाडी आराकावा नदीच्या पुलावरून जाते, आकाश दिसतं, आणि मग पुढच्या स्टेशनाआधी एकदम जमिनीखाली शिरते. 2021 च्या हिवाळ्यात एका सकाळी त्या अंधारात शिरताना मला श्वास घेता येईना. हात बधिर, छातीत धडधड, मी मरतेय अशी पक्की खात्री. पुढच्या स्टेशनला उतरले आणि बाकावर बसले. वीस मिनिटांनी सगळं ठीक. मग ते आठवड्यातून एकदा व्हायला लागलं, मग तीनदा. रिलीज तोंडावर होतं, टीम माझ्यावर अवलंबून होती. मी घरातून चाळीस मिनिटं आधी निघायला लागले, म्हणजे बाकावर बसायला वेळ मिळावा. नवऱ्याला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. आणि आपल्या दहावीच्या ग्रुपवर मी साकुराचे फोटो टाकत होते. तुम्ही अंगठे दाखवत होतात. एकानं लिहिलं होतं, "मजा आहे बुवा तुझी!" त्याला दोष देत नाही, मीच तसं दाखवत होते.

19 जून 2022, टोकियो डोम. 56,399 प्रेक्षक. टीव्हीवर दाखवणार असं आधी ठरलं होतं, पण तीन आठवडे आधी फुजी टीव्हीनं अंग काढून घेतलं, मग पैसे भरून इंटरनेटवर. साडेपाच हजार येन. नवरा म्हणाला, "साडेपाच हजार? दोन माणसं भांडताना बघायला?" तरी शेजारी येऊन बसलाच.

वजन 58 किलो ठरलं होतं. ताकेरू एरवी 60 चा, म्हणजे त्याला दोन किलो आणखी उतरवायचे होते. शिवाय लढतीच्या दिवशीही 62 च्या वर जायचं नाही अशी अट. पहिल्या फेरीच्या अखेरीला ताकेरू आत शिरला आणि तेनशिनच्या डाव्या हाताचा आखूड ठोसा बसला. मी तो नंतर पंधरावीस वेळा पाहिला आहे. ताकेरूचा हात निघालेला आहे, आणि तो पोचायच्या आत ह्याचा पोचलेला आहे. ताकेरू खाली. उठला. दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत पुढे पुढेच जात राहिला, हात खाली सोडून ये म्हणाला, हसला. तीन फेऱ्या संपल्या. पाचही पंचांनी तेनशिनला दिली. एवढ्या वर्षांची वाट नऊ मिनिटांत संपली. तेनशिन 42 लढतींत अजिंक्य राहून बॉक्सिंगकडे गेला. ताकेरू रिंगमध्ये रडला, चारही बाजूंना वाकून नमस्कार केला आणि गेला.

आठ दिवसांनी, 27 जूनला, त्याची पत्रकार परिषद होती. मी जेवणाच्या सुट्टीत डेस्कवर हेडफोन लावून बघत होते. माझं जपानी फार चांगलं नाही, पण तो हळू बोलत होता. त्यानं के-वनचा पट्टा परत केला. गुडघा, कंबर दुखावलेली आहे, बेमुदत विश्रांती घेतो म्हणाला. आणि मग म्हणाला, की काही वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी त्याला डिप्रेशन आणि पॅनिक डिसऑर्डर असल्याचं सांगितलं होतं, आणि तो तसाच लढत राहिला होता.

'पॅनिक' हा शब्द जपानीतही पॅनिकच आहे. मला भाषांतर लागलं नाही.

सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत, लागता कामा नये पण लागलं असतं असं दिसलं पाहिजे. हा माणूस कित्येक वर्षं नेमकं उलटं करत होता. लागत होतं, आणि दिसू देत नव्हता. मी ते हसू बघायला पैसे भरले होते. आणि मी स्वतः रोज सकाळी बाकावरून उठून, चेहरा पुसून, तेच करत ऑफिसात शिरत होते.

त्या आठवड्यात मी स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये नाव नोंदवलं. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तरीच तू एवढी लवकर निघतेस." गोळ्या सव्वा वर्ष चालल्या. रिलीज माझ्याशिवाय झालं, आणि त्यात बग नेहमीइतकेच निघाले. एवढंच. मी काही शूर वगैरे नाही. पण आज इथे येताना ठरवलं होतं, की साकुराच्या फोटोंचा हिशोब तुमच्यासमोर पूर्ण करायचा.

ताकेरूचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते सिनेमासारखं नाही. वर्षभरानं, जून 2023 मध्ये, तो पॅरिसमध्ये परत उभा राहिला. बेली सग्डन नावाच्या इंग्लिश खेळाडूशी पाच फेऱ्यांची लढत, आणि पाचव्या फेरीत डोक्यावर लाथ मारून त्याला झोपवलं. मग जानेवारी 2024 ला टोकियोत थायलंडचा सुपरलेक समोर आला. सुपरलेकनं त्याच्या पायावर इतक्या लाथा मारल्या की त्याला धड उभं राहता येईना, तरी मधे एकदा ह्यानं पोटावर ठोसे मारत त्यालाच मागे ढकललं. निकालात हरला. मार्च 2025 मध्ये रॉडटांगशी लढत, तिची तो कितीतरी दिवस वाट बघत होता. ऐंशी सेकंदांत बाद झाला. बघवलं नाही मला. बरा झाला म्हणून जिंकायलाच लागला, असं काही झालेलं नाही.

पण पॅरिसची ती पाचव्या फेरीतली लाथ मी जपून ठेवली आहे, मोबाईलमध्ये आहे. माझ्या मते ती मावाशी गेरीच आहे, सर, आपण मैदानावर शंभर-शंभर वेळा काढायचो ती. कंबर फिरवा, कंबर फिरवा, असं तुम्ही ओरडायचात. त्याची फिरली आहे. जेवणाच्या वेळी दाखवते तुम्हाला, चूक असेल तर सांगा.

आणि मघाशी दारात तुम्ही विचारलंत ना, तुझी लाथ अजून वर जाते का? कमरेपर्यंत जाते सर. साडी नसेल तर.