सुट्टीतलं पारायण



परीक्षा झाल्या, शाळेला कुलूप लागलं आणि घरोघरी एकच तक्रार सुरू झाली. कीर्तन आटोपून प्रसादाला बसलं की आयाबाया सांगतात, "महाराज, पोरगं नववीत गेलं, पण पुस्तकाला हात लावत नाही. सारा दिवस मोबाईल! तुम्ही कीर्तनातून दोन शब्द सांगा." सांगतो की. पण एक शब्द पोरांना आणि दोन थोरांना सांगीन, तेवढी तयारी ठेवा.

आधी पोरांना विचारतो. मुलांनो, ज्ञानेश्वरी कुठं सांगितली गेली? नेवाशाला. कधी? शके १२१२ मध्ये. आणि तेव्हा ज्ञानोबारायांचं वय किती होतं? आपण माउली म्हणतो, म्हणून आपल्याला फार मोठं कुणीतरी वाटतं. परंपरा सांगते, वय होतं पंधरा वर्षं! दहावीतल्या पोराएवढं. त्या वयात अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. तेव्हा "आम्ही लहान आहोत, हे ग्रंथ म्हाताऱ्यांचे" असं पुन्हा म्हणू नका. हा ग्रंथ तुमच्याच वयाच्या मुलानं सांगितलेला आहे.

आता थोरांनो, तुमच्याकडे येतो. ती ज्ञानेश्वरी लिहून कुणी घेतली? सच्चिदानंदबाबांनी. संसारी, कर्ता माणूस. तो लेखणी घेऊन पंधरा वर्षांच्या मुलापुढं बसला. "कालचं पोर, याला काय कळतंय" असं म्हणून तो उठून गेला असता तर? आपल्या घरी आपण रोज हेच म्हणतो ना? पोरगं काही सांगायला आलं की आपली मान बातम्यांतून वर निघत नाही, आणि त्यालाच म्हणतो, वाच!

"वाच" म्हटल्यानं कुणी वाचत नाही, माउली. वाचणाऱ्याला कुणीतरी पाहावं लागतं. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसायचा. जातीच्या नावाखाली ज्याला शाळेत इतरांपासून लांब बसावं लागलं होतं, असा तो मुलगा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकांनी त्याला पाहिलं, चौकशी केली, वाचायला पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. पुढं १९५६ साली नागपूरला काय घडलं ते जगाला ठाऊक आहे. सोळा वर्षांच्या मुलाला दिलेलं एक पुस्तक किती दूरवर जातं बघा. आपण पास झालेल्या पोराला काय देतो? नवा मोबाईल. आणि मग माझ्याकडे तक्रार घेऊन येतो!

आता उलट बाजू ऐका. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना ओठांवर गाणी यायची आणि वाऱ्यावर जायची. पण घरातल्या शिकल्या पोरांनी, मुलगा सोपानदेवांनी, ती कागदावर उतरवून घेतली. बाई गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. त्या पोरांना अक्षर येत नसतं, किंवा येत असून त्यांनी कान दिला नसता, तर एवढं धन मातीत गेलं असतं. नेवाशाला थोरानं लहानाचं लिहून घेतलं, इथं लहानांनी आईचं. अक्षर असं दोन पिढ्यांच्या मधे चालतं. एकट्याच्या खोलीत कोंडलं की ते सुकतं.

एका गावी सप्ताहात एक आजीबाई भेटल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पोथी दिसेना. नातू शेजारीच बसून मोबाईल खेळत होता. मी त्याला म्हटलं नाही की मोबाईल ठेव. म्हटलं, "बाळा, आजीला रोज पाच पानं वाचून दाखवशील का? तिला दिसत नाही रे." त्याच्या हातात 'श्यामची आई' दिली. पुढल्या वर्षी त्याच गावी गेलो तर आजीच सांगायला लागल्या. श्याम पोहायला भिऊन लपतो आणि आई त्याला मारून बाहेर काढते, तिथं आजी हसत सुटल्या. शेवटाकडे मात्र पोरगं वाचता वाचता थांबलं. त्याला पुढचं वाचवेना. आजी म्हणाल्या, "असू दे, उद्या वाच." दुसऱ्या दिवशी ते न सांगता पुस्तक घेऊन आलं.

त्याला वाचायची सक्ती कुणी केली नव्हती, माउली. त्याच्या वाचण्याची कुणाला तरी गरज होती. पंधरा वर्षांच्या पोराला उपदेश नको असतो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, एवढं त्याला कळावं लागतं.

म्हणून ह्या सुट्टीत एक नेम करा. सांजवात लागली की अर्धा तास मोबाईल देव्हाऱ्यापाशी ठेवा. आधी थोरांचा, मग पोरांचा. पोरानं वाचायचं, घरानं ऐकायचं. पुस्तक त्याच्या आवडीचं घ्या. 'फास्टर फेणे' आणलं तरी नाक मुरडू नका. डोळे अक्षरावर ठरू लागले की पुढं ते आपोआप वर चढतात. आणि शेवटी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या दहा ओव्या. सारा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आतला, भक्तियोगाचा. पंचवीस दिवसांत होतो. अडेल तिथं थांबा, अर्थ विचारा. तुम्हाला येत नसेल तर "मलाही येत नाही, आपण विचारू" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघेल. त्या वेळी तुमच्या घरातलं पोर दिंडीत चालेल न चालेल, पण ह्या पालखीत कुणाच्या पादुका आहेत आणि ते काय सांगून गेले, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं तुम्हाला वाचून दाखवलेलं असू द्या.

बोला, पुंडलिकवरदे हरी विठ्ठल!