नवी आवृत्ती आली, मग काय करायचे?



आम्ही संकेतस्थळे बांधणारी मंडळी. ‘नवी आवृत्ती आली, सगळे बदला’ असे आम्हीच सांगतो. तेव्हा त्यात खरे किती, हेही आम्हीच सांगायला हवे.

गूगलचे अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० साली आले. २०१६ चे अँग्युलर २ मुळापासून नवे होते. जुने काम त्यात जसेच्या तसे चालेना, बरेचसे पुन्हा लिहावे लागले. २०२१ अखेर जुन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्याही थांबल्या. उलट, सर्नमधले १९९१ चे पहिले संकेतस्थळ साध्या एचटीएमएलमध्ये होते; ती पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात.

म्हणून आमचे मत असे : कार्यक्रमपत्रिका, जुन्या स्मरणिका, छायाचित्रे यांना साधी पानेच पुरेत. वर्गणी, सभासद-नोंदणी यांसाठी फ्रेमवर्क जरूर घ्या; पण सुरक्षा-दुरुस्त्या वेळच्या वेळी करा. मोठा बदल उत्सवाच्या तोंडावर नको, आणि आधी तो वेगळ्या प्रतीवर चालवून पाहा. शिवाय सगळ्या नोंदींची एक प्रत मंडळाच्या ताब्यात हवीच. फ्रेमवर्क दुसरे मिळेल. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या सभासदांच्या याद्या एकदा गेल्या, की गेल्या.

गणपती बाप्पा मोरया!